विंडनची वंशावळ

विंडन गावातला मिशाएल कानवाल्ड २१ जून २०१९ रोजी गळफास घेतो. मागे एक पाकीट ठेवतो आणि त्यावर बजावून ठेवतो, ४ नोव्हेंबरला रात्री १० वाजून १३ मिनिटांच्या आत उघडू नये. ‘डार्क’ ही जर्मन मालिका इथून सुरू होते, आणि पाहणारा वही-पेन्सिल शोधायला लागतो तोही इथूनच.

बारान बो ओडार आणि यांट्ये फ्रीझे या जोडीची ही मालिका म्हणजे नेटफ्लिक्सची पहिली जर्मन निर्मिती. १ डिसेंबर २०१७ ते २७ जून २०२० या काळात तिची तीन पर्वं आणि २६ भाग आले. (शेवट आधी कळू नये असं वाटत असेल त्यांनी मालिका पाहून मगच पुढे वाचावं.)

अवघड मालिका म्हणून तिचं नाव झालं ते कालप्रवासामुळे. मला मात्र खरा गुंता नात्यांचा वाटतो. गावाजवळच्या गुहेतून ३३ वर्षं मागे-पुढे जाता येतं, २०१९, १९८६, १९५३. एवढं काही भागांतच अंगवळणी पडतं. घाम फुटतो तो पुढे. मिकेल नावाचा मुलगा २०१९ मध्ये हरवतो आणि १९८६ मध्ये निघतो. एक परिचारिका त्याला पदरात घेते, तो तिथेच वाढतो, मिशाएल या नावाने संसार करतो. त्याचा मुलगा योनास. योनासचं प्रेम आहे मार्थावर, आणि मार्था मिकेलची बहीण. म्हणजे पोराची सख्खी आत्या! त्याहून विलक्षण जोडी शार्लोट आणि एलिझाबेथची. एलिझाबेथ शार्लोटची मुलगी आहे आणि तिची आईसुद्धा.

चाहत्यांनी याच्या वंशावळी मांडल्या, बाण काढले, नवं पर्व आलं की जुना कागद बाजूला ठेवून नवा घेतला. नेटफ्लिक्सनेही मालिकेचा अधिकृत मार्गदर्शक काढला. तुम्ही कुठल्या भागापर्यंत पाहिलंय ते आधी विचारून तो तेवढीच माहिती दाखवतो. एकाच माणसाची वेगवेगळ्या वयांतली रूपं वेगवेगळ्या नटांनी केली आहेत. योनास तर लुई होफमान, आंद्रेआस पीचमान आणि डीट्रिख होलिंडरबॉयमर अशा तिघांनी. त्यामुळे चेहरे ताडून पाहणं हेही चाहत्यांचं काम झालं.

गावातल्या हेल्गे डॉपलरचं उदाहरण घ्या. म्हातारपणीही त्याच्या चेहऱ्यावर जुन्या जखमेची खूण आहे, कान बिघडलेला आहे. मिकेलच्या शोधात १९५३ मध्ये पोहोचलेला त्याचा बाप उलरिख लहानग्या हेल्गेला दगडाने ठेचतो, पुढचा अनर्थ टळावा म्हणून. तेव्हा कळतं, ती खूण याच हाताची. ज्याने ती पहिल्यापासून टिपून ठेवली असेल त्याला या प्रसंगाचा धक्का दुप्पट बसतो.

कष्टाचं असं चीज दरवेळी होत नाही. ‘ट्विन पीक्स’ या मालिकेच्या १९९० च्या प्रेक्षकांनी व्हिडिओ कॅसेट मागेपुढे करून खुनी शोधण्याचा खटाटोप केला. ‘लॉस्ट’ २०१० मध्ये संपली तेव्हा अनेक प्रश्न अधांतरी राहिल्याची तक्रार झाली. ‘डार्क’च्या कर्त्यांनी प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीवर विश्वास टाकला, आणि तो तारखांतही दिसतो. दुसरं पर्व आलं २१ जून २०१९ ला, मिशाएलच्या मृत्यूच्या दिवशी. तिसरं आलं २७ जून २०२० ला, आणि कथेतला प्रलयही त्याच तारखेचा.

गाठ सुटते ती गणिताने नव्हे, एका बापाच्या दुःखाने. घड्याळजी टानहाउसचा मुलगा, सून आणि तान्ही नात अपघातात जातात. त्यांना परत आणण्यासाठी तो यंत्र बांधतो, आणि त्यातून एका जगाची दोन होतात. मुलामागे उलरिख जातो, मुलीसाठी गावातलीच क्लाउडिया आयुष्य पणाला लावते. बाण कितीही उलटसुलट गेले तरी बहुतेक वेळा त्यांच्या टोकाला कुणी आई किंवा बाप आपलं लेकरू शोधत असतो. म्हणूनच हे कोडं पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं.

एक प्रश्न मात्र कर्त्यांनी मुद्दाम राखून ठेवला. व्योलर या पोलिसाच्या डोळ्याला काय झालं? सबंध मालिकेत ते सांगायचं राहून जातं. अखेरच्या भागात, मित्रमंडळींच्या जेवणाच्या टेबलावर, तो सांगायला तोंड उघडतो आणि नेमके दिवे जातात.