न्यूमोकोकसचे कवच, औषधप्रतिरोध आणि लसीची मर्यादा

बालकांचा श्वसनक ज्वर, म्हणजेच न्यूमोनिया, आपल्या चिकित्सालयांत नवा नाही. तो उत्पन्न करणाऱ्या जिवाणूंमध्ये न्यूमोकोकस हा प्रमुख होय. मस्तिष्कावरणाचा शोथ आणि मध्यकर्णाचा शोथही त्याच्यामुळे होतो. एरवी हाच जिवाणू निरोगी बालकाच्या नाकामागील भागात कोणताही त्रास न देता वास्तव्य करून असतो. या जिवाणूवर आज दोन शस्त्रे उपलब्ध आहेत : प्रतिजैविके आणि लस. ही दोन्ही शस्त्रे परस्परांवर कशी अवलंबून आहेत, याचा विचार वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही करणे अगत्याचे आहे.

कवचाचे प्रकार

न्यूमोकोकसभोवती बहुशर्करेचे कवच असते. या कवचामुळेच तो शरीरातील भक्षक पेशींना चुकवतो. कवचाच्या रासायनिक रचनेवरून त्याचे शंभराहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. आजची संयुग्मित लस शरीराला यांपैकी निवडक कवचेच ओळखावयास शिकवते. औषधप्रतिरोधाची जनुके मात्र कवचात नसतात. ती जिवाणूच्या गुणसूत्रात अन्यत्र असतात. म्हणजे लस ओळखते ती वेषाला, आणि प्रतिरोध असतो तो वेषाआड. सर्व गुंतागुंत येथेच आहे.

जनुकांची देवघेव

१९२८ साली फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी कवचहीन जिवंत न्यूमोकोकस आणि उष्णतेने मारलेले सकवच न्यूमोकोकस एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत, सकवच जिवाणू आढळले. मृत जिवाणूचे काही द्रव्य जिवंत जिवाणूने आत्मसात केले होते. ते द्रव्य डीएनए होय, हे एव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांनी १९४४ साली दाखवून दिले.

प्रयोगशाळेत जे घडले तेच बालकाच्या नाकात निसर्गतः घडत असते. पेनिसिलिन ज्या प्रथिनांना जखडते, त्यांच्या जनुकांचे तुकडे न्यूमोकोकस मुखातील अन्य स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंकडून घेतो. प्रथिनाची घडण बदलते आणि औषध निष्प्रभ होते. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या वाणाची नोंद १९६७ साली ऑस्ट्रेलियात झाली, तर १९७७-७८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अनेक औषधांना न जुमानणारे वाण आढळले.

या देवघेवीचा आवाका २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील अभ्यासाने स्पष्ट झाला. स्पेनमध्ये १९८४ साली ओळखल्या गेलेल्या व पुढे जगभर पसरलेल्या एका बहुऔषधरोधी वंशाच्या २४० नमुन्यांचे संपूर्ण जनुकवाचन करण्यात आले. त्यांत जनुकखंडांच्या अदलाबदलीच्या सातशेहून अधिक घटना आढळल्या. काही ठिकाणी तर कवचच पालटले होते. मूळ २३-एफ कवचाच्या या वंशातील काहींनी १९-ए हे कवच धारण केले होते. प्रतिरोध कायम राहिला, वेष तेवढा नवा.

लसीने काय साधले

अमेरिकेत २००० साली सात प्रकारांवरील संयुग्मित लस आली. पेनिसिलिनरोधी वाण मुख्यतः याच प्रकारांत एकवटलेले असल्याने त्याचा दुहेरी लाभ झाला. १९९९ ते २००४ या काळात, दोन वर्षांखालील बालकांतील पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या न्यूमोकोकसचे आक्रमक आजार, तेथील पाहणीत ८१ टक्क्यांनी घटले. जी लस प्रतिजैविकाची गरजच कमी करते, ती प्रतिरोधालाही आळा घालते, हे यातून सिद्ध झाले. परंतु रिकाम्या झालेल्या जागेत लसीत नसलेला १९-ए हा प्रकार, अनेकदा बहुऔषधरोधी रूपात, वाढला. २०१० साली आलेल्या तेरा प्रकारांच्या लसीत त्याचा समावेश करावा लागला. लसीने हे वाण निर्माण केले असे मात्र नव्हे. वर उल्लेखिलेल्या वंशात वेषपालट लसीपूर्वीच झालेला होता. पुढे त्याला केवळ वाव मिळाला.

भारतातील स्थिती

१९९३ ते १९९७ या काळात भारतातील रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात १ व ५ हे दोन प्रकार सुमारे २९ टक्के आक्रमक आजारांस कारण असल्याचे दिसले. सात प्रकारांच्या लसीत हे दोन्ही नव्हते. त्या वेळी पेनिसिलिनला अंशतः दाद न देणारे नमुने जेमतेम १.३ टक्के होते. पण सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोट्रायमॉक्सॅझोलला ५६ टक्के नमुने दाद देत नव्हते. जे औषध अधिक वापरावे ते अधिक लवकर बोथट होते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस २०१७ साली काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ साली देशभर लागू झाली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशा तीन मात्रा शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘न्यूमोसिल’ या दहा प्रकारांच्या लसीत १, ५ आणि १९-ए हे तिन्ही समाविष्ट आहेत.

आपले कर्तव्य

चरकाचार्यांनी विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात, भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी संग्रहित कराव्यात असे सांगितले आहे. संकट येण्याआधी सिद्धता, हा त्यामागील विचार. आजच्या संदर्भात त्यातून तीन गोष्टी घेता येतील.

पहिली, बालक कोणत्याही तक्रारीसाठी येवो, त्याचे लसीकरण-पत्रक पाहावे आणि राहिलेली मात्रा पूर्ण करण्यास पालकांना सांगावे.

दुसरी, साधा प्रतिश्याय व कास यांवर आपल्या शास्त्रात पुरेशी चिकित्सा आहे. तेथे प्रतिजैविकाची जोड देऊ नये. मात्र बालक शांत असताना मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास असल्यास, अथवा छाती आत ओढली जात असल्यास, त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. येथे विलंब प्राणघातक ठरू शकतो, आणि योग्य प्रतिजैविक हेच जीवनदायी असते.

तिसरी गोष्ट औषधविक्रेत्यांसाठी. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जतन करणे बंधनकारक आहे. ही नोंद केवळ निरीक्षकासाठी आहे असे मानू नये. चिठ्ठीवाचून दिलेल्या दोन-तीन गोळ्यांनी ग्राहकाचा रोग जात नाही. नाकातील दुर्बल जिवाणू तेवढे मरतात आणि प्रतिरोधी वाणाला मोकळे रान मिळते.

लस नव्या कवचांचा पाठलाग करीतच राहील. वेषाआडच्या प्रतिरोधाला खतपाणी घालावयाचे की नाही, हे मात्र आपल्या चिठ्ठीवर आणि आपल्या दुकानातील व्यवहारावर अवलंबून आहे.