देवळांतील पाहुण्या घंटा

पूजेच्या आरंभी घंटेस गंधफूल वाहावे, हा आपल्या घरोघरचा परिपाठ आहे. देवळात शिरतानाही प्रथम हात वर जातो तो घंटेकडेच. परंतु जिचा टोल आपण इतक्या सहजपणे देतो, ती घंटा कोणी ओतली, कोठे ओतली आणि प्रथम ती कोणत्या देवासाठी वाजली, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. महाराष्ट्रातील काही देवळांत तो अवश्य यावा, असे आम्हांस वाटते. कारण तेथील घंटा मुळात देवळाच्या नाहीतच. त्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांच्या मनोऱ्यांतून उतरून आलेल्या आहेत.

सोलापूरच्या वाचकांना यासाठी फार दूर जावयास नको. पुण्याच्या रस्त्याने जाताना लोणी काळभोरच्या अलीकडेपलीकडे थेऊरचा फाटा लागतो. थोरले माधवराव पेशवे यांनी १७७२ साली जेथे देह ठेविला, त्या चिंतामणीच्या देवळात एक मोठी विलायती घंटा आहे. चिमाजीअप्पांनी वसईहून आणलेल्या घंटांपैकी ती एक, असे परंपरा सांगते. पालीच्या बल्लाळेश्वराची घंटा, भीमाशंकरास शनीच्या देवळापुढील घंटा आणि नाशिकास गोदातीरावरील नारोशंकराची घंटा यांविषयीही हेच सांगितले जाते. नाशिकच्या देवळातील देव वस्तुतः रामेश्वर; पण देऊळ ओळखले जाते ते बांधणाऱ्या नारोशंकर राजेबहाद्दरांच्या नावाने, आणि त्यांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले ते घंटेमुळे!

या घंटांचे माहेर म्हणजे वसई. गुजराथच्या बहादूरशहाने १५३४ साली ती पोर्तुगीजांस दिली. पुढे दोनशे वर्षांत किल्ल्याच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांची भव्य मंदिरे उठली. त्यांपैकी १५८० ते १६४० ही साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्या मस्तकी होता. म्हणजे तेवढा काळ वसईचा धनीही तोच. १७३७ साली सुरू झालेली मराठ्यांची मोहीम १७३९ च्या मे महिन्यात किल्ला पडून संपली. मनोऱ्यांतील घंटा उतरल्या त्या तेव्हा.

आपली घंटा स्थिर टांगलेली असते व आपण आतील लोलक हालवून टोल देतो. ख्रिस्ती मंदिरातील मोठी घंटा मनोऱ्यात आडव्या दांड्यास जखडलेली असते. खालून दोर ओढला म्हणजे ती सबंध घंटाच झोके घेते व लोलक तिच्या कडेवर आदळतो. म्हणून तिची कड जाड, तोंड पसरट आणि कंबर निमुळती. धातूत साधारणपणे चार भाग तांबे व एक भाग कथील असते. कथिलाने नाद खुलतो, पण धातू ठिसूळ होते. एकदा तडा गेला की आवाज बसला. अक्षरे व चित्रे साच्यातच उलटी काढलेली असतात, त्यामुळे ती ओतकामाबरोबरच घंटेच्या अंगावर उठून येतात. ही अक्षरे म्हणजे घंटेचा जन्मलेखच होय.

हा जन्मलेख वाचणे फार उपयोगाचे आहे. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे साल सांगतात. वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूस घेतलेल्या मेरीची आकृती असून साल १७०७ आहे. दोन्ही साले १७३९ च्या आधीची, तेव्हा त्या वसईच्या असण्यास कालाची हरकत नाही. उलट, एखाद्या घंटेवर १७३९ नंतरचे साल निघाले, तर ती वसईच्या लुटीतील नव्हे, हे शाळकरी मुलासही सांगता येईल. आणखी एक गोष्ट. मेणवलीचे धनी नाना फडणवीस जन्मले १७४२ साली, म्हणजे वसई पडल्यावर तीन वर्षांनी; चिमाजीअप्पा तर १७४० सालीच निवर्तले होते. नारोशंकराचे देऊळही १७४७ चे. तेव्हा या दोन घंटा आजच्या जागी येण्यापूर्वी काही वर्षे अन्यत्र राहिल्या असल्या पाहिजेत. ‘अप्पांनी घंटा देवळास वाहिली’ एवढ्या वाक्यात हा प्रवास मावत नाही.

जिंकलेल्या घंटा नेण्याची रीत केवळ आपलीच नव्हे. स्पेनमध्ये ९९७ साली अल्मन्सूर या मुसलमान सेनानीने सांतियागोच्या मंदिरातील घंटा काढून कोर्दोबास नेल्या आणि तेथील मशिदीत त्यांचे दिवे केले. १२३६ साली कोर्दोबा ख्रिस्ती राजाच्या हाती पडले, तेव्हा त्याने त्या परत सांतियागोस पाठविल्या. पहिल्या खेपेस त्या ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून गेल्या आणि दुसऱ्या खेपेस मुसलमान कैद्यांच्या, असे सांगतात.

आपल्याकडे काय घडले ते याच्याशी ताडून पाहावे. घंटा विजयाचे चिन्ह म्हणून आल्या, यात संशय नाही. त्या आटवून तोफा ओतता आल्या असत्या. परंतु या घंटा घंटाच राहिल्या. मेणवलीच्या घंटेवरील मेरी कोणी छिनून टाकली नाही, आणि तिच्याच खाली आपल्या पूर्वजांनी शंकरास नमस्कार केला. यास औदार्य म्हणावे की नादाची आवड म्हणावी, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्हांस मात्र यात एक जबाबदारी दिसते. जे शत्रूच्या मालावरही शाबूत राहिले, ते आपल्या आस्थेने नष्ट होऊ नये. चिंच, राख वा घासकागद लावून घंटा लखलखीत करण्याचा आणि अंगाला तैलरंग फासण्याचा उत्साह अनेक ठिकाणी दिसतो. त्यात अक्षरे झिजतात किंवा बुजतात, आणि साल गेले की पुरावाही गेला.

तेव्हा थेऊरास किंवा नाशिकास जाल तेव्हा टोल देण्यापूर्वी क्षणभर थांबा. अंगावर क्रूस, आकृती वा अंक दिसतात का ते पाहा. दिसल्यास टिपून घ्या व मुलांकडून वाचवून घ्या. पुजाऱ्यांस व विश्वस्तांस नम्रपणे सांगा की, मऊ कोरड्या वस्त्रापलीकडे हिला काही लावू नये. मग खुशाल टोल द्या. पाहुणी असली तरी ती आता आपल्याच घरची आहे.