अकरा हजार चारशेचा फोन

शनिवारची सकाळ. साडेअकराचा स्लॉट. आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमधल्या फोल्डिंगच्या टेबलावर माझा जुना फोन पुसूनपासून ठेवलेला. शेजारी खोका, चार्जर, बिल. दाखवायच्या कार्यक्रमाला शोभेल अशी सगळी तयारी! जुने फोन घेणाऱ्या वेबसाइटनं आदल्या रात्री भाव सांगितला होता ११,४०० रुपये. त्या पैशांचं काय करायचं हे मी झोपण्यापूर्वीच ठरवून टाकलं होतं. नव्या फोनचे दोन हप्ते, आणि उरतील त्यात चांगल्यापैकी हेडफोन.

बेल वाजली. पाठीला सॅक, हातात हेल्मेट, वय फार तर बावीस-तेवीस. पाणी विचारलं तर नको म्हणाला. फोनमध्ये त्यानं त्यांचं ॲप टाकलं आणि तपासणी सुरू झाली. टच चालतो का, स्पीकर वाजतो का, दोन्ही कॅमेरे, वायफाय, बोटाचा ठसा. मग स्क्रीन पांढरी करून त्यानं फोन ट्यूबलाइटखाली तिरका धरला.

"ताई, इथे शेड आहे बघा."

मला काहीच दिसेना. मग त्यानं बोट ठेवून दाखवलं. खालच्या कोपऱ्यात, खरं सांगायचं तर, होती. चहाच्या डागाइतकी फिकट, पण होती. कडेला एक पोचाही निघाला, जो कव्हरखाली दोन वर्षं सुखानं नांदत होता. त्यानं काहीतरी टाइप केलं आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. ७,८५० रुपये.

आता, मी फ्रीलान्सर आहे. दोन हजारांच्या थकलेल्या मानधनासाठी एकाच अकाउंट्स डिपार्टमेंटला अकरा मेल पाठवायचा रेकॉर्ड माझ्या नावावर आहे. पण साडेतीन हजारांना कात्री लागलेली बघून मी काय म्हणाले असेन?

"बरं. ठीके."

पैसे यूपीआयवर आले. आधी पैसे, मग फोन सॅकमध्ये, इतकं चोख. दाराशी बूट घालता घालता तो म्हणाला, "ताई, रेटिंग द्या ना. पाच." तो समोर उभा. मी पाच दिले. लिफ्टचं दार लागलं आणि मला जाम राग आला. त्याचा की स्वतःचा, हे काही कळेना.

विचारपूस

मग आपण अशा वेळी करतो तेच मी केलं. दिसेल त्याला विचारत सुटले. 'तू विकलायस का रे फोन असा? किती सांगितले होते? किती आले?' ऑफिसवाले मित्र, रूममेटची गँग, ठाण्याचा मावसभाऊ, जिमवाली. आठवड्याभरात माझ्याकडे किस्स्यांची छोटी डायरीच भरली.

माझा अंदाज होता की ज्यांचे जास्त पैसे कापले ते चिडलेले असणार आणि ज्यांचे कमी कापले ते खूश. तसं अजिबात निघालं नाही. माझ्या रूममेटला सांगितलेल्या भावापेक्षा जवळजवळ निम्मे पैसे आले आणि ती मजेत! कारण आलेल्या मुलानं तिला एकेक गोष्ट दाखवली होती. हा माइक खरखरतोय, ऐका. हा कॅमेरा फोकस पकडत नाहीये, बघा. तिला पटलं, विषय संपला. उलट हिंजवडीतल्या एका टेस्टिंगवाल्या मित्राचे फक्त सहाशे रुपये गेले, तर तो आजही त्या विषयावर वीस मिनिटं बोलू शकतो. का? तर 'सिस्टिममध्ये असंच येतंय सर' याच्यापलीकडे त्याला उत्तर मिळालं नाही. "मी दिवसभर दुसऱ्यांचे बग काढतो यार," तो म्हणाला, "बग दाखवल्याशिवाय तिकीट काढता येत नाही. इथे पैसे कापले, पण बग कुठाय?"

म्हणजे पैशांइतकाच, किंबहुना जास्तच, तो 'का' महत्त्वाचा होता.

आणि या 'का'चं मूळ त्या मुलाच्या सॅकमध्ये नसतंच, ते आपल्याच रात्रीच्या क्लिकांमध्ये असतं. आठवून बघा. वेबसाइट विचारते, फोन सुरू होतो का? हो. स्क्रीनवर डाग, रेघा? नाही. बॉडीवर ओरखडे, पोचे? अं... नाहीच म्हणा. बॅटरी नीट चालते? चालते की! प्रत्येक उत्तरागणिक आकडा वर राहतो आणि आपल्याला बरं वाटतं. दिसणारा तो आकडा आपण वर्णन केलेल्या फोनचा असतो. दाराशी आलेला मुलगा मात्र टेबलावरचा फोन विकत घेतो. हे दोन फोन वेगळे असतात. मी माझ्या फोनला 'उत्तम' म्हटलं होतं, कारण तो माझा होता.

बॅटरीचंच घ्या. पवईच्या एका मैत्रिणीला वाटायचं की आयफोनची बॅटरी म्हणजे अमरपट्टा. ॲपलनं २०१८ साली आयओएस ११.३ पासून बॅटरी हेल्थचा आकडा सेटिंगमध्येच दाखवायला सुरुवात केली. आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेल्सची बॅटरी चार्जिंगच्या ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळच्या ८० टक्क्यांवर येणं हे कंपनीच्याच हिशेबात बसतं. रोज रात्री उशीखाली चार्जिंगला लावणाऱ्या बाईला हा आकडा वर्षानुवर्षं उघडून बघावासा वाटला नव्हता. आलेल्या मुलानं तो पहिल्या मिनिटाला उघडला.

अर्थात सगळा दोष आपल्याच माथी मारायचं कारण नाही. वेबसाइटवर 'अप टू' हे दोन शब्द किती बारीक टाइपात असतात! आणि वेळही कशी साधली जाते बघा. नवा फोन आपण आधीच घेऊन बसलेलो, जुन्याचा डेटा हलवलेला, शनिवार अर्धा गेलेला, समोर माणूस ताटकळलेला. अशा वेळी 'नाही, परत जा' म्हणायला वेगळंच काळीज लागतं. माझ्या यादीत ते फक्त एकीनं दाखवलं. तिनं चक्क 'कॅन्सल' म्हटलं, फोन उचलला आणि संध्याकाळी पेठेतल्या एका दुकानात तोच फोन हजार रुपये जास्त घेऊन विकला. रोख! तिचा भाव आम्ही सगळ्यांनी मान्य केला.

पण पावती?

तिला पावती मिळाली नाही, आणि तिनं मागितलीही नाही. हे ऐकून ठाण्याचा मावसभाऊ एकदम गंभीर झाला. त्याची केस उलटी आहे. त्यानं मागे एका दुकानातून बिलाशिवाय सेकंडहँड फोन घेतला होता. मस्त चालला तो. मग एक दिवस पोलीस स्टेशनहून फोन आला. हँडसेट चोरीचा होता. फोन जमा झाला, पैसे बुडाले, आणि दोन दिवस जबाब देण्यात गेले ते वेगळेच.

प्रत्येक फोनला पंधरा आकडी आयएमईआय नंबर असतो, स्टार-हॅश-०६-हॅश डायल केलं की स्क्रीनवर येतो. चोरीला गेलेला फोन या नंबरावरून देशभर ब्लॉक करता यावा म्हणून सरकारनं सीईआयआर नावाची यंत्रणा उभी केली. महाराष्ट्रात ती २०१९ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आली आणि १७ मे २०२३ पासून सगळ्या देशात. जुना फोन घेणार असाल तर केवायएम, मग एक स्पेस, मग तो पंधरा आकडी नंबर असा एसेमेस १४४२२ वर पाठवायचा. फोन ब्लॉक झालेला असेल तर तिथेच कळतं. आणि विकणाऱ्यानंही आयएमईआय लिहिलेली पावती जपून ठेवायची. आपल्या हातातून गेलेला फोन पुढे कुणाच्या खिशात जाईल आणि काय काय करील, कुणी सांगावं? वेबसाइट ओळखपत्र मागते, पावती मेलवर पाठवते. त्या दिवशी मला ती कटकट वाटली होती. मावसभावाचं ऐकल्यावर ती मेल मी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली.

त्या यादीतलं एक नाव

आता एक गोष्ट, जी मी आठवडाभर कुणालाच सांगितली नव्हती.

तपासणी चालू असताना त्या मुलानं माइक बघण्यासाठी रेकॉर्डर उघडला. पडद्यावर माझ्या जुन्या रेकॉर्डिंगची यादी आली. त्यात वरून तिसरी फाइल एका नर्सच्या मुलाखतीची होती. नाव छापणार नाही या बोलीवर ती माझ्याशी दीड तास बोलली होती, आणि मी शहाणीनं फाइलला तिचंच नाव दिलेलं. आडनावासकट! त्या मुलानं यादीकडे पाहिलंसुद्धा नाही. 'हॅलो हॅलो चेक' म्हणाला, ऐकलं, बंद केलं. नंतर माझ्यासमोरच फोन रीसेट केला. काहीही झालं नाही. पण त्या चार सेकंदांत माझ्या पोटात जो गोळा आला, तो साडेतीन हजारांपेक्षा महाग होता. 'ठीके' म्हणून मी घाईनं मोकळी झाले त्यामागे हेही होतं. कधी एकदा तो फोन पुसला जातोय असं मला झालेलं.

रीसेटनं खरंच पुसलं जातं का, हे मी नंतर शोधून काढलं, आणि झोप लागली. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचं व्हर्जन घेऊन बाजारात आलेल्या फोनमध्ये साठवलेला सगळा डेटा कुलूपबंद रूपातच असतो. फॅक्टरी रीसेट केलं की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. उरतो तो अर्थहीन भुसा. त्याआधीच्या जुन्या फोनांबाबत मात्र एवढी खात्री देता येत नाही. आणि मेमरी कार्ड! ते रीसेटमध्ये आपोआप पुसलं जाईल या भरवशावर राहू नका, आधीच काढून घ्या. टेस्टिंगवाल्या मित्रानं तर कमाल केली होती. त्यानं आदल्या रात्रीच रीसेट मारून कोरा फोन टेबलावर ठेवला. आलेल्या मुलानं त्यावर आपलं ॲप टाकलं आणि तपासला. काहीही अडलं नाही.

रीसेटच्या आधी गुगल खात्यातून बाहेर पडायचं, आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करायचं. नाहीतर फोन रीसेट होऊनही तुमच्याच नावानं कुलूपबंद राहतो (आयफोनमध्ये २०१३ पासून, अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून ही सोय आहे, चोरांसाठी केलेली). मग तो मुलगा हात जोडून तुमच्याकडे पासवर्ड मागतो. आणि ओटीपी देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर ते आधी नव्या फोनवर न्या. आमच्या जिमवालीनं नेलं नाही. ऑफिसच्या मेलमध्ये शिरायला तिला सोमवारी आयटीवाल्यांच्या डेस्कसमोर रांग लावावी लागली.

बाबांचा नंबर

पुढच्या महिन्यात बाबा साताऱ्याहून डोळे तपासायला आले. त्यांचाही जुना फोन पडून होता. मी तो विकायला काढला, पण या वेळी प्रश्नांची उत्तरं त्यांनाच द्यायला लावली. रिटायर्ड शिक्षक! चष्मा लावून, फोन खिडकीशी नेऊन, एकेक प्रश्न त्यांनी पेपर तपासल्यासारखा सोडवला. ओरखडे? आहेत. पोचे? दोन. स्पीकर? "पावसात भिजल्यापासून बारीक घसा बसलाय, लिही." आकडा घसरत घसरत २,९०० वर आला. "बाबा, एवढं खरं कुणी नाही हो सांगत," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प.

मुलगा आला, तोच नाही, दुसरा. यानं मात्र बाबांच्या हातचा चहा घेतला आणि थोडा बोललाही. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, दिवसाचे स्लॉट भरपूर, आणि एखादा दोष नजरेतून सुटला आणि पुढच्या तपासणीत सापडला की विचारणा त्यालाच होते. भाव कमी केला की शिव्या गिऱ्हाइकाच्या, नाही केला तर ऑफिसच्या. भाव ठरवतं मशीन, स्टार मिळतात त्याला. माझे ते पाच स्टार मला तेव्हा आठवले.

फोन तपासून झाला. आकडा तोच, २,९००. एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. पैसे माझ्या खात्यात आले आणि मुलानं नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, रेटिंग द्याल ना? पाच."

बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"पैकीच्या पैकी मी आयुष्यात कुणाला दिले नाहीत. चार देतो."

मुलगा कसनुसा हसला. "काका, पाचाच्या खाली गेलं की आम्हाला विचारतात."

बाबा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग बोट उचलून पाचव्या चांदणीवर ठेवलं.

"चार तुझे," ते म्हणाले, "एक ग्रेसचा."