लंब रेषांचे चढ : सूत्रामागील कारण
परस्परलंब रेषांच्या चढांचा गुणाकार -१ असतो, हे सूत्र विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते. कारण मात्र क्वचितच सांगता येते. आरंभबिंदूतून (३, २) या बिंदूकडे जाणाऱ्या रेषेचा चढ २/३ आहे. ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ९०° फिरविल्यास तो बिंदू (-२, ३) येथे येतो आणि चढ -३/२ होतो. अंश-छेदांची अदलाबदल व चिन्हातील बदल येथे प्रत्यक्ष दिसतात. मात्र दोन्ही अक्षांवरील प्रमाण समान हवे. फळ्यावर घाईत नेमके हेच राहून जाते!

उभ्या रेषेचा चढ निश्चित करता येत नसल्याने तेथे सूत्र निरुपयोगी ठरते. त्यापेक्षा संगत निर्देशकांच्या गुणाकारांची बेरीज पाहावी : ३×(-२) + २×३ = ०. ही कसोटी (०, १) व (१, ०) या दिशांनाही लागू पडते.