दुसरे एंजिन आणि धुराची परीक्षा

शिरूरचा कांदा किंवा दौंडचा ऊस वाहणाऱ्या मालमोटारीचे एंजिन बसले, की मालक नव्याची किंमत ऐकतो आणि मोडीतले दुसरे बसवितो. यात गैर काही आहे असे आम्ही मानीत नाही. मात्र 'पी.यू.सी. मिळाली म्हणजे झाले', ही समजूत खरी नव्हे.

डिझेल गाडीच्या तपासणीत गाडी उभीच असते. एंजिन तापवून, गिअर न टाकता ॲक्सिलरेटर झटक्याने पूर्ण दाबतात आणि धूर प्रकाश किती अडवितो ते यंत्र मोजते. भारत स्टेज ४ च्या गाडीस मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाडीस २.४५. जुने एंजिन नव्या गाडीत घातले, की धूर जुना आणि मर्यादा नवी!

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल. पंप एका एंजिनाचा, नोझल दुसऱ्याचे, एअर फिल्टर तिसऱ्याचा, असा संसार जमला की हवा कमी पडते व तेल अधिक होते. त्यात ओझे ओढावे म्हणून पंप 'वाढवून' घेण्याची खोड आहेच. जाणता मिस्त्री नोझलचा फवारा पाहतो, टायमिंग जुळवितो. तपासणीपुरता पंप कमी करणे ही पळवाट होय.

धूर मर्यादेत आला तरी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उरतेच. वेगळ्या जातीचे एंजिन बसविण्यापूर्वी परवानगी हवी, आणि नंतर नवा नंबर नोंदणीपुस्तकात चढला पाहिजे. त्यासाठी शिरूरकरांना पुण्याच्या, दौंडकरांना बारामतीच्या परिवहन कार्यालयात जावे लागते. नंबर न जुळल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो. म्हणून एंजिन उचलतानाच त्याच्या नंबराची पावती मागून घ्यावी.