ऑस्टिओपॅथीतील केस-चर्चा : मोजले काय, मानले काय?

पाठदुखीचा एक रुग्ण दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. तो बरा झाला, की दुसऱ्या दवाखान्यात गेला? एकट्याने व्यवसाय करणारा उपचारक बहुधा 'बरा झाला' असेच धरून चालतो. असे शंभर रुग्ण झाले की अनुभव वाढल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात एखादी चुकीची सवयच पक्की झालेली असू शकते. ती वेळीच लक्षात यावी, यासाठी सहकाऱ्यांसोबतची केस-चर्चा उपयोगी पडते.

पार्श्वभूमी

ऑस्टिओपॅथीची मांडणी अमेरिकेतील डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये केली. ब्रिटनमध्ये या व्यवसायाची नोंदणी १९९३ च्या कायद्यानुसार होते. तेथे २०१८ पासून लागू झालेल्या योजनेनुसार प्रत्येक ऑस्टिओपॅथला तीन वर्षांत ९० तास शिक्षण चालू ठेवावे लागते आणि त्यातील किमान निम्मे तास इतरांसोबत शिकण्यात घालवावे लागतात. केस-चर्चा हा त्याचाच एक मान्य प्रकार आहे.

एक उदाहरण

मी म्हैसूरला अभियांत्रिकी शिकवतो. हाताने उपचार करणे हे माझे क्षेत्र नाही. पण प्रकल्प तपासताना आम्ही विद्यार्थ्यांना जो प्रश्न विचारतो, तोच येथेही लागू पडतो : यात तुम्ही मोजले काय आणि मानले काय?

समजा, देवराज मार्केटमध्ये ओझी उचलणारा एक मध्यमवयीन हमाल तीन आठवड्यांच्या पाठदुखीसाठी तुमच्याकडे आला. तुम्ही गटासमोर सांगता, "ओझ्यामुळे स्नायू आखडले आहेत." आता दोन रकाने करा. पाठ वाकवताना दुखते, अमुक मणक्यापाशी दाबल्यावर दुखते, हे पहिल्या रकान्यात जाईल. 'ओझ्यामुळे' हे दुसऱ्या रकान्यात. तो तुमचा अंदाज आहे.

मग सहकारी विचारतात : रात्री दुखण्याने झोपमोड होते का? संध्याकाळी ताप येतो का? वजन उतरले आहे का? केसपेपरवर यांची उत्तरेच नाहीत. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आढळतो, आणि त्यात मणका आतून पोखरला जातो. अशा पाठीला जोराचा झटका दिला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून या चर्चेचा निष्कर्ष एकच : रुग्णाला आजच फोन करा, हे प्रश्न विचारा, आणि शंका राहिली तर पुढील हाताळणी थांबवून तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवा. लघवी-शौचावरील ताबा सुटला असेल किंवा पायांतील ताकद कमी होत असेल, तर थेट रुग्णालयात.

चर्चा कशी घ्यावी?

१. गट चार-सहा जणांचा ठेवा. यशस्वी केस नव्हे, तर जिथे तुम्ही अडलात ती केस आणा.
२. सुरुवातीला एकच प्रश्न मांडा. उदा. "माझ्याकडून काय विचारायचे राहिले?"
३. सहकाऱ्यांनी आधी प्रश्न विचारावेत, सल्ला नंतर द्यावा. "हे कसे सुटले?" असे विचारा, "हे कोणी सोडले?" असे नको.
४. किमान एक वेगळे निदान गटाने सुचवावे.
५. ठरलेली कृती लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीत तिचे काय झाले ते आधी सांगा.

गोपनीयता

रुग्णाची संमती घ्या. केवळ नाव गाळणे पुरेसे नसते. म्हैसूरसारख्या शहरात व्यवसाय, पेठ आणि वय एकत्र सांगितले, तरी माणूस ओळखू येतो. चर्चेला ज्या तपशिलाची गरज नाही तो गाळा.

स्वाध्याय

मागील महिन्यात परत न आलेल्या तीन रुग्णांचे केसपेपर काढा. प्रत्येकावर मोजले आणि मानले असे दोन रकाने भरा. त्यांतील ज्या केसचा दुसरा रकाना लांब भरेल, तीच पुढच्या चर्चेला न्या.