भाड्याचें विमान : मुंबई ते दिल्ली

लग्नसराईंत मोटार सांगणें, सहलीसाठीं बस ठरविणें, अथवा खाडी उतरण्यास होडी करणें हे व्यवहार आपल्या घरोघरीं परिचयाचे आहेत. वाहनवाल्याशीं भाडें ठरवावें, वेळ सांगावी, आणि आपण म्हणूं तेव्हां त्यानें निघावें, इतकी ही सोपी गोष्ट आहे. परंतु वर्तमानपत्रांत जेव्हां आपण वाचतों कीं, अमुक पुढारी भाड्याचें विमान घेऊन एका दिवसांत चार सभा करून आले, किंवा अमुक उद्योगपति सकाळीं दिल्लीस जाऊन सायंकाळीं मुंबईस परतले, तेव्हां हा व्यवहार कसा होतो, त्यास पैसा किती पडतो, आणि त्या पैशाच्या मोबदल्यांत नेमकें काय मिळतें, असे प्रश्न जिज्ञासु विद्यार्थ्याच्या मनांत साहजिकच उभे राहतात. प्रस्तुत लेखांत त्यांचीं उत्तरें देण्याचा प्रयत्न केला आहे. उदाहरणासाठीं मुंबई ते दिल्ली हा मार्ग घेतला आहे. कारण तो देशांतील अत्यंत गजबजलेल्या हवाई मार्गांपैकीं एक असून त्यावरील अंतर, वेळ आणि खर्च यांचा हिशेब आपणांस सहज मांडून पाहतां येतो.

इंग्रजींत या व्यवहारास 'चार्टर' करणें म्हणतात. हा शब्द विमानांच्या कितीतरी आधीं जहाजांच्या धंद्यांत रूढ झाला. लॅटिन भाषेंत 'कार्टा' म्हणजे कागद. जहाजाचा मालक व माल पाठविणारा व्यापारी यांचा करार एकाच कागदावर दोनदां लिहून तो मधोमध विभागीत व एकेक भाग दोघे आपल्याजवळ ठेवीत. पुढें तंटा उपस्थित झाल्यास दोन्ही भाग जुळवून खात्री करून घेत. विमानाच्या भाडेकरारांत आजहि तेंच जुनें तत्त्व आहे. व्यापारी एका सफरीपुरतें सबंध जहाज आपल्या कामास लावीत असे. जहाज व खलाशी मात्र मालकाचेच राहत. त्याचप्रमाणें विमान भाड्यानें घेणारा एका बैठकीचें तिकीट काढीत नाहीं. तो वैमानिकांसह सबंध विमान कांहीं तासांपुरतें आपल्या कामास लावतो. विमानांत एकच मनुष्य बसला काय किंवा आठ बसले काय, भाडें तेंच पडतें. ही एक गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील सर्व हिशेब उलगडतो.

मुंबईकरांस विमानाची ओळख जुनी आहे. जुहूचें विमानक्षेत्र १९२८ सालीं सुरू झालें. आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन एका लहानशा एकइंजिनी विमानानें तेथेंच उतरले. त्या काळीं दिल्लीस जाणारा मुंबईकर आगगाडीच धरीत असे. १९२८ सालीं सुरू झालेली फ्रंटियर मेल ही त्या मार्गावरील नामांकित गाडी होती. पुढें १९७२ सालीं राजधानी एक्सप्रेस सुरू झाली व सुमारे १,३८४ किलोमीटरांचा हा लोहमार्ग एका रात्रींत आटोपूं लागला. विमानाची वाट त्याहून सरळ असल्यामुळें तें अंतर सुमारे १,१५० किलोमीटर भरतें. नर्मदा व चंबळ ओलांडून विमान सुमारे दोन तासांत दिल्लीस पोंचतें.

भाड्यानें मिळणारीं विमानें निरनिराळ्या प्रकारचीं असतात. कांहींना पंखे असतात. तीं सावकाश उडतात, पण आंखूड धांवपट्टीवर उतरूं शकतात. दुसरा प्रकार जेट विमानांचा. फुगविलेला फुगा तोंड न बांधतां सोडून दिला तर आंतील हवा मागें सुटते आणि फुगा पुढें पळतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. जेट इंजिनाचें तत्त्व हेंच होय. तें पुढून हवा ओढून घेतें, ती दाबतें, तींत इंधन जाळतें आणि तप्त वायूचा झोत वेगानें मागें सोडतें. अशा इंजिनाचीं लहान विमानें बनविण्याचा उद्योग मागील शतकाच्या उत्तरार्धांत वाढला. अमेरिकेंतील प्रसिद्ध 'लिअरजेट' विमानानें पहिलें उड्डाण ७ ऑक्टोबर १९६३ रोजीं केलें. आज मध्यम आकाराच्या जेट विमानांत साधारणतः आठ प्रवासी व दोन वैमानिक बसतात, आणि तें ताशीं सुमारे ८०० किलोमीटर वेगानें, म्हणजे मोठ्या प्रवासी विमानाच्या जवळजवळ बरोबरीनें, जातें.

आतां कायद्याची बाजू पाहूं. ज्याच्याजवळ विमान आहे त्यानें तें वाटेल त्यास भाड्यानें द्यावें, अशी मोकळीक नाहीं. भारतांत नोंदलेल्या प्रत्येक विमानावर 'व्हीटी' या अक्षरांनीं सुरू होणारी खूण असते. परंतु नोंदणी निराळी आणि भाड्यानें देण्याचा अधिकार निराळा. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडून अनियमित वाहतुकीचा परवाना मिळालेल्या संस्थेसच भाडें घेतां येतें. येथें 'अनियमित' म्हणजे नियमबाह्य नव्हे. ठरीव वेळापत्रकावांचून चालणारी, एवढाच त्याचा अर्थ. परवानाधारकाच्या विमानांची देखभाल, वैमानिकांचें शिक्षण व त्यांचे कामाचे तास यांवर सरकारची देखरेख असते. एखाद्या मालकानें आपलें घरगुती वापराचें विमान गुपचुप भाड्यानें दिलें तर तो अपराध होय, आणि त्यांत बसणाराहि स्वतःस धोक्यांत घालतो. १९३४ सालचा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम अंमलांत आला. तरी हें मूलतत्त्व कायम आहे.

यापुढें भाड्याचा हिशेब. भाडें ताशीं आकारतात, आणि विमान जितके तास उडेल तितक्यांचें तें द्यावें लागतें. येथें अनेकांची फसगत होते. मुंबईहून दिल्लीस दोन तासांत पोंचलों म्हणून दोन तासांचें भाडें दिलें, असें होत नाहीं. विमानाचें ठाणें मुंबईंत असेल तर तें रिकामें परत आलें पाहिजे, व त्या रिकाम्या फेरीचे दोन तासहि आपल्याच नांवावर पडतात. गणितासाठीं समजा कीं, भाडें ताशीं तीन लक्ष रुपये आहे. चार तासांचे बारा लक्ष झाले. त्यावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु व सेवा कर दोन लक्ष सोळा हजार. एकूण चौदा लक्ष सोळा हजार रुपये. आठ जण गेले तर माणशीं एक लक्ष सत्त्याहत्तर हजार. एकटा गेला तर सगळा भार त्याच्याच शिरावर. परंतु त्याच दिवशीं काम आटोपून त्याच विमानानें परत यावें, तर उड्डाणाचे तास तितकेच राहतात, व जाणें आणि येणें दोन्ही त्याच रकमेंत बसतें. विमान थांबवून ठेवण्याचा खर्च तेवढा अधिक. म्हणूनच हीं विमानें घेणारे लोक बहुधा त्याच दिवशीं परततात. आणि म्हणूनच, रिकामीं परतणारीं विमानें कांहीं कंपन्या बऱ्याच कमी भाड्यांत देऊं करतात. कारण रिकाम्या जाणाऱ्या फेरींतून जें मिळेल तें त्यांस लाभच असतो.

एवढा पैसा देऊन काय मिळतें? पुष्कळांची समजूत अशी कीं, वेग मिळतो. पण वर सांगितल्याप्रमाणें आकाशांत दोन्ही विमानांचा वेग जवळजवळ सारखाच आहे. जो वेळ वाचतो तो जमिनीवर वाचतो. नियमित विमानाच्या प्रवाशास सुमारे दोन तास आधीं यावें लागतें. तिकीट, सामान व तपासणी यांच्या रांगांत उभें राहावें लागतें. उतरल्यावर सामानाची वाट पाहावी लागते. भाड्याच्या विमानाचा प्रवासी मुंबईंत कालिन्याच्या बाजूस असलेल्या निराळ्या इमारतींतून जातो. तपासणी त्याचीहि होते, परंतु रांग नसते. दिल्लीसहि अशा विमानांसाठीं २०२० सालापासून स्वतंत्र इमारत आहे. एकंदरींत जेथें नियमित विमानानें साडेचार तास जातात तेथें याचें काम पावणेतीन तासांत होतें. पावणेदोन तास वांचले. मात्र गिरगांवाहून विमानतळापर्यंत जाण्यास दोघांसहि सारखाच वेळ लागतो. विमान भाड्यानें मिळतें. माहीमचा मोकळा रस्ता कोणासहि भाड्यानें मिळत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, येथें एक साधा भागाकार करून पाहा. आठ जणांचे प्रत्येकीं पावणेदोन तास, म्हणजे चौदा तास वांचले. आणि खर्च झाला चौदा लक्षांहून थोडा अधिक. म्हणजे वांचविलेल्या एका तासाची किंमत सुमारे एक लक्ष रुपये पडली. त्याच दिवशीं परत आल्यास ती निम्म्यावर येते. नियमित विमानाच्या तिकिटांचा खर्च यांतून वजा केला तरी उत्तरांत फारसा फरक पडत नाहीं. एका तासास एवढें मोल द्यावें काय? कांहीं प्रसंगीं खास द्यावें. अत्यवस्थ रुग्णास मोठ्या रुग्णालयांत न्यावयाचें असतां, वैद्य व उपकरणें यांसह सज्ज केलेलें भाड्याचें विमान हाच कित्येकदां एकमेव उपाय असतो. दान मिळालेलें हृदय दुसऱ्याच्या शरीरांत चार ते सहा तासांच्या आंत बसवावें लागतें. तेथें प्रत्येक मिनिटाचें मोल पैशांत करतांच येत नाहीं. तसेंच, ज्या लहान गांवीं धांवपट्टी आहे पण नियमित विमान जात नाहीं, तेथें तांतडीनें जाण्यास या विमानाइतका दुसरा उपाय नाहीं. उलट मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावर, जेथें दिवसभर एकामागून एक नियमित विमानें सुटत असतात, तेथें त्याची गरज सर्वांत कमी, हें हिशेबावरून स्पष्ट होतें. तेथें घेणारा मुख्यतः एकांत व आपल्या सोयीची वेळ विकत घेत असतो.

परंतु या व्यवहारांत असाहि एक खर्च आहे, जो घेणाऱ्याच्या पावतीवर लिहिलेला नसतो. मध्यम आकाराचें जेट विमान ताशीं अदमासें हजार लिटर इंधन जाळतें. १८० प्रवाशांचें मोठें विमान अदमासें तीन हजार लिटर. दोन तासांच्या प्रवासांत मोठ्या विमानांत माणशीं सुमारे ३३ लिटर पडले, आणि लहान विमान आठ जणांनीं पूर्ण भरलें तरी माणशीं २५० लिटर. परतीची फेरी रिकामी गेली तर हाच आंकडा ५०० वर जातो. त्या धुराचा भाग मात्र पृथ्वीवरील सर्वांच्या वांट्यास येतो.

दुसरा खर्च धांवपट्टीचा. मुंबईच्या विमानतळास धांवपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींस छेदतात. त्यामुळें एका वेळीं एकीचाच उपयोग करतां येतो. २०२४ सालच्या फेब्रुवारींत तेथील गर्दी पाहून गर्दीच्या वेळचीं उड्डाणें व अवतरणें ताशीं ४६ वरून ४४ वर आणण्याचा आदेश झाला. म्हणजे एका विमानाच्या वांट्यास जेमतेम दीड मिनिटहि येत नाहीं. आठ माणसांच्या विमानासहि तेवढीच वेळ द्यावी लागते जेवढी १८० माणसांच्या विमानास. आणि मोठ्या विमानामागें उठणाऱ्या भोंवऱ्यांमुळें लहान विमानास अधिक अंतर राखून यावें लागतें तें निराळेंच. म्हणूनच त्याच आदेशानें गर्दीच्या वेळीं खाजगी व भाड्याच्या लहान विमानांवरील निर्बंध वाढवून ते दिवसाचे आठ तास करण्यांत आले. पुढें ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें, तें या टंचाईवरील मोठा उपाय म्हणूनच.

शेवटीं सुरक्षिततेविषयीं दोन शब्द. मोटार सांगणारा मनुष्य चालकास "जरा जलद हांक" म्हणतो. विमानांत तसें म्हणण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. उड्डाणाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कायद्यानें मुख्य वैमानिकावर ठेविली आहे. धुकें आहे, वादळ आहे, आज जातां येणार नाहीं, असें त्यानें म्हटलें कीं विषय संपला. मग भाडें देणारा कितीहि थोर असो. ३० सप्टेंबर २००१ रोजीं पूर्वीचे नागरी विमानवाहतूक मंत्री माधवराव शिंदे यांचा, दिल्लीहून कानपुरास जात असतां, मैनपुरी जिल्ह्यांत एका लहान खाजगी विमानाच्या अपघातांत अंत झाला. १४ सप्टेंबर २०२३ रोजीं विशाखापट्टणहून आलेलें एक लहान जेट विमान मुंबईंत मुसळधार पावसांत उतरतांना धांवपट्टीवरून घसरलें. आंतील आठहि जण सुदैवानें वांचले, परंतु धांवपट्टी कांहीं काळ बंद पडून शेंकडों इतर प्रवाशांचा खोळंबा झाला. आभाळास श्रीमंत व गरीब हा भेद कळत नाहीं, आणि धांवपट्टी तर सर्वांचीच आहे.

म्हणून पालकांपैकीं ज्यांस कधीं रुग्णासाठीं वा अन्य निकडीनें असें विमान घेण्याचा प्रसंग येईल, त्यांनीं प्रथम परवाना पाहावा, रिकाम्या फेरीचें भाडें व कर धरून एकूण रक्कम लेखीं घ्यावी, आणि वैमानिकाच्या नकारास मान द्यावा. विद्यार्थ्यांनीं मात्र भाड्याच्या विमानाची बातमी वाचल्यावर दिपून जाऊं नये व निष्कारण रागावूंहि नये. कागद व पेन्सिल घेऊन हिशेब मांडावा : किती माणसांचे किती तास वांचले, कशासाठीं वांचले, आणि तेवढ्या वेळांत धांवपट्टीच्या टोंकाशीं किती जण आपली पाळी येण्याची वाट पाहत बसले होते.